सुवर्णवर्ण बुद्धमूर्ती : अर्थ आणि कारागिरी

इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. ते टेकाड म्हणजे विटांचा प्राचीन स्तूप होता. त्याच्या गाभ्यात एक दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक होता. तांब्याच्या करंडकाभोवती सात मानुषी बुद्धांच्या व मैत्रेयाच्या अशा आठ लहान धातुमूर्ती बसविल्या होत्या. त्या करंडकांपेक्षा पुष्कळ नंतरच्या काळातील आहेत. सोन्याच्या त्या सर्वांत आतल्या करंडकात हिरा नव्हता, माणिक नव्हते. तेथे मातीच्या भांड्याचे काही बारीक तुकडे होते. तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून श्रद्धावान उपासकांनी ते जपून ठेवले होते. हा संपूर्ण ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

सोन्याच्या आत खापर ठेवणाऱ्या त्या उपासकांची आठवण आम्हास अलीकडे वारंवार होते. याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या विहारांत सोन्याचा मुलामा दिलेली ध्यानस्थ बुद्धमूर्ती नेपाळमधून आणावी, असा विचार ठिकठिकाणी बोलला जातो. थायलंड व म्यानमार येथील उपासकांनी दान दिलेल्या सोनेरी मूर्तीही आपल्याकडे आलेल्या आहेत. या निमित्ताने विहार समित्यांच्या बैठकांतून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सर्व बौद्ध देशांत मूर्ती सुवर्णमंडित असते, मग आपल्याच विहारात सिमेंटची का? दुसरा पक्ष म्हणतो, ज्या समाजातील मुलांच्या शिक्षणाला पैसा पुरत नाही, त्या समाजाने वर्गणी काढून सोने विकत घ्यावे, हे परमपूज्य बाबासाहेबांच्या शिकवणुकीशी विसंगत नाही काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. परंतु दोन्ही पक्षांनी सोन्याचा अर्थ ‘किंमत’ एवढाच गृहीत धरलेला आहे, हे आमच्या लक्षात आले. बौद्ध परंपरेत मूर्तीवरील सोन्याचा अर्थ तो नव्हता. तो काय होता आणि ते सोने मूर्तीवर चढते तरी कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, सोन्याविषयी बौद्ध संघाची भूमिका आरंभापासून अत्यंत कठोर आहे. सोने-रुपे स्वीकारण्यापासून विरत राहणे हे दहा शीलांतील दहावे शील आहे, आणि भिक्खूने सोने-रुपे घेतल्यास विनयानुसार तो निस्सग्गिय दोष ठरतो. तथागतांच्या महापरिनिब्बाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसाली येथे जी दुसरी संगीती भरली, तिच्यातील वादाची ठिणगीही सोन्या-नाण्यावरूनच पडली. उपोसथाच्या दिवशी वज्जी भिक्खूंनी तांब्याच्या पात्रात पाणी भरून ते संघासमोर ठेवले आणि उपासकांनी त्यात कार्षापण टाकावेत असे सांगितले. काकंडकपुत्त यश या भिक्खूने त्यास उघड विरोध केला. त्याच्या वाट्याला आलेले पैसेही त्याने नाकारले. वज्जी भिक्खूंच्या ज्या दहा गोष्टी संगीतीने अवैध ठरविल्या, त्यांत सोने-रुपे घेणे ही एक होती. ज्या संघाने नाण्याला हात लावणे नाकारले, त्याच संघाच्या विहारात पुढे सोनेरी मूर्ती बसली. या विसंगतीचा उलगडा केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

उलगडा दीघनिकायात आहे. त्यातील लक्खणसुत्त हे बत्तीस महापुरुषलक्षणांविषयीचे सुत्त आपल्यापैकी अनेकांना अडचणीचे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. लांब बाहू, चक्रांकित तळवे, सोन्यासारखी कांती असल्या शारीरिक खुणांवरून महापुरुष ओळखण्याची कल्पना तत्कालीन ब्राह्मणी सामुद्रिकातून आलेली दिसते, आणि बुद्धिवादी माणसाला ती पटणे कठीण आहे. परंतु या सुत्ताने त्या जुन्या यादीचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक लक्षणामागे सुत्त एक आचरण उभे करते. सुवण्णवण्ण, म्हणजे सोन्यासारखा वर्ण, या लक्षणाचे कारण म्हणून तेथे दोन गोष्टी येतात. पहिली अक्रोध : कितीही बोलले, कितीही डिवचले तरी जो रागावला नाही, ज्याने मनात डूख धरला नाही आणि कटुता प्रकट केली नाही. दुसरी दान : मऊ, तलम अंथरुणे-पांघरुणे, सुती, रेशमी व लोकरी वस्त्रे ज्याने इतरांना दिली. यज्ञ केला म्हणून, उच्च कुळात जन्मला म्हणून किंवा धन साठविले म्हणून कांती सोन्याची झाली, असे तेथे नाही. राग न धरणे आणि दुसऱ्याच्या अंगावर पांघरूण घालणे, एवढाच त्या सोन्याचा अर्थ आहे.

सुत्तात हे पूर्वजन्मांच्या भाषेत सांगितलेले आहे, याची आम्हास जाणीव आहे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचा दर्जा ठरतो, हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला आहे, आणि आम्हीही तो मानीत नाही. आमचा मुद्दा क्रमाचा आहे. येथे आचरण आधी येते आणि वर्ण नंतर. चातुर्वर्ण्यात नेमके उलट आहे. तेथे वर्ण जन्माबरोबर येतो आणि आचरण त्यावरून ठरवून दिले जाते. ‘सुवर्ण’ या शब्दातच ‘चांगला वर्ण’ आहे, आणि ज्या शब्दाने या देशात माणसांची उतरंड रचली गेली तोच शब्द या सुत्तात अक्रोधाचे फळ म्हणून येतो. बाबासाहेबांनीही तथागतांच्या देहाचे वर्णन करताना त्यास सोन्याच्या पर्वतशिखराची उपमा परंपरेतून घेतलेली आहे, हे त्यांच्या ग्रंथाच्या वाचकांना ठाऊक आहेच.

महापरिनिब्बाणसुत्तातील एक प्रसंग याला जोडून वाचावा. कुसिनारेच्या वाटेवर पुक्कुस नावाच्या मल्लाने तथागतांना सोनेरी रंगाच्या वस्त्रांची जोडी दिली. एक वस्त्र तथागतांच्या सांगण्यावरून आनंदाला मिळाले. आनंदाने दोन्ही वस्त्रे तथागतांच्या अंगावर घातली तेव्हा देहकांतीपुढे वस्त्रांचे तेज फिके पडले. आनंदाने आश्चर्य व्यक्त केले. तथागतांनी सांगितले की, तथागताची कांती दोन वेळा अशी उजळते, संबोधीच्या रात्री आणि महापरिनिब्बाणाच्या रात्री. त्या दिवशी तथागतांचे वय ऐंशी होते, अंगात आजार होता, आणि दिवस शेवटचा होता. सुवर्णकांतीची ही कथा तारुण्याची नाही आणि वैभवाची तर नाहीच. ध्यानस्थ मूर्तीवर सोने चढविणाऱ्या कारागिरांच्या परंपरेत या दोन रात्रींचा अर्थ उतरला आहे, असे आम्हास वाटते. मिटत आलेल्या पापण्या, मांडीवर डाव्या तळव्यावर ठेवलेला उजवा तळवा, आणि आतून आल्यासारखा वाटणारा प्रकाश.

मूर्ती मात्र उशिरा आली. भारहुत आणि सांची येथे तथागत बोधिवृक्षाने, रिकाम्या आसनाने आणि पदचिन्हांनी दाखविले आहेत. आपल्याकडील भाजे, कार्ले येथील आरंभीच्या चैत्यगृहांतही पूजेचे स्थान स्तूपाला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास मथुरा आणि गांधार येथे मूर्ती घडू लागल्या. तेथून ही कल्पना मध्य आशियाच्या व्यापारी वाटेने चीनला पोहोचली. हान सम्राट मिंग याला स्वप्नात सोनेरी पुरुष दिसला आणि त्याने पश्चिमेकडे दूत पाठविले, ही दंतकथा चिनी बौद्ध परंपरेत प्रसिद्ध आहे. ती दंतकथाच होय. परंतु बुद्धाची पहिली ओळख ‘सोन्याचा माणूस’ अशी झाली, एवढे तीवरून कळते. सालाची नोंद असलेली चीनमधील सर्वांत जुनी ज्ञात बुद्धमूर्ती इ.स. ३३८ ची आहे. ती कांस्याची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे, आणि ती ध्यानस्थ आहे. उंची जेमतेम चाळीस सेंटिमीटर. आज ती सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात आहे.

ध्यानात मूर्तीचे काम काय, याविषयी परंपरेत एकमत नाही. वक्कली नावाच्या आजारी भिक्खूला तथागतांच्या दर्शनाची आस होती. त्याला तथागतांनी सांगितले ते असे की, या नाशवंत देहाला पाहून काय होणार, जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात बुद्धानुस्सतीचा जो विधी दिला आहे, त्यात गुणांचे स्मरण आहे, आकाराचे नाही. पुढे महायान परंपरेत समोर बुद्ध उभा आहे अशा एकाग्रतेचा अभ्यास आला. लोकक्षेम या भिक्खूने इ.स. १७९ मध्ये चिनीत भाषांतरित केलेल्या प्रत्युत्पन्न-समाधी सूत्रात त्याचे विवेचन आहे आणि मूर्ती घडविणे हे त्या समाधीचे एक साधन म्हणून सांगितले आहे. थोडक्यात, मूर्ती हे मन टेकविण्याचे ठिकाण आहे. वरील ग्रंथांत ती मागणे मागण्याचे ठिकाण नाही. लोकव्यवहारात काय झाले ते वेगळे.

आता कारागिरीकडे वळू. धातूच्या मूर्तीवर अग्नीच्या साहाय्याने सोने चढविण्याची जुनी पद्धत आजही जेथे वंशपरंपरेने चालू आहे, असे एक प्रमुख ठिकाण म्हणजे नेपाळमधील पाटण, म्हणजेच ललितपूर. बाराव्या शतकाच्या अखेरीस मगधातील महाविहार उद्ध्वस्त झाल्यावर तेथील शिल्पपरंपरा पुढे चालविणाऱ्यांत नेवार कारागीर अग्रभागी होते. त्यांची कीर्ती किती दूरवर पोहोचली होती ते अरनिकोच्या चरित्रावरून दिसते. इ.स. १२६० मध्ये कुब्लाई खानाचा गुरू फग्पा याने तिबेटात सुवर्णस्तूप उभारण्यासाठी नेपाळकडे कारागीर मागितले. ऐंशी जण गेले, आणि त्यांचा प्रमुख होता सोळा-सतरा वर्षांचा अरनिको. पुढे तो कुब्लाईच्या दरबारी साम्राज्यातील सर्व कारागिरांचा प्रमुख झाला. पेकिंगमधील पांढरा स्तूप (बांधकाम १२७१ ते १२७९) त्याच्या हातचा आहे. इ.स. १३०६ मध्ये तो चीनमध्येच मरण पावला.

पाटणची पद्धत मेणाच्या मूर्तीपासून सुरू होते. मधमाश्यांचे मेण, झाडाची राळ आणि थोडा स्निग्ध पदार्थ एकत्र करून ते हाताला वळेल असे करतात. त्यातून मस्तक, धड, हात, आसन असे भाग घडवितात. मेणाच्या या आकृतीवर प्रथम अगदी बारीक माती व शेण यांचे पातळ लेप देतात. हा पहिला लेप महत्त्वाचा, कारण मूर्तीच्या पापणीची रेघ त्याच्यावर उमटते. त्यावर भाताचा कोंडा मिसळलेल्या जाड मातीचे थर येतात. साचा सावलीत वाळवितात. उन्हात ठेवल्यास तो तडकतो. पावसाळ्यात यासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. नंतर साचा तापवितात, मेण वितळून खालच्या छिद्रातून वाहून जाते आणि मातीच्या पोटात मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तीत वितळलेले तांबे ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते, आणि ओतकाम फसले तर महिन्यांची मेहनत भंगारात जाते. आपल्याकडील ओतारी बंधूंना ही पद्धत वेगळी सांगावयास नको.

तांबेच का, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. शुद्ध तांबे ओतणे फार अवघड. ते सुमारे १०८४ अंश सेल्सिअसला वितळते, घट्टसर वाहते, वायू शोषून घेते आणि थंड होताना त्यात पोकळ्या राहतात. पितळ किंवा कांसे कितीतरी सोपे. तरीही जुन्या नेवार ओताऱ्यांनी बहुधा जवळजवळ शुद्ध तांबे निवडले, कारण पाऱ्याचा मुलामा तांब्यावर उत्तम बसतो. मिश्रधातूत शिसे असल्यास सोन्यावर डाग उमटतात. वर दिसणाऱ्या सोन्यासाठी आतील धातूची अडचण पत्करलेली आहे. ‘मुलामा’ हा शब्द आपण मराठीत खोटेपणासाठी वापरतो. येथे मात्र मुलाम्यासाठी आतील धातू अधिक शुद्ध असावा लागतो, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ओतलेली मूर्ती खडबडीत निघते. छिन्नी, कानस आणि लहान हातोडी घेऊन दुसरे कारागीर तिच्यावर बसतात. चिवराची किनार, बोटांची नखे, केसांचे वळसे, ओठांची कड हे सर्व या टप्प्यात उतरते. मोठ्या मूर्तीला हे काम ओतकामापेक्षा अधिक दिवस घेते. आम्हास हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ध्यानस्थ मूर्तीच्या पापणीची रेघ किंचित वर गेली तर मूर्ती जागी दिसते, किंचित खाली आली तर झोपलेली. ध्यान या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते सुतभर जागेत पकडावे लागते.

यानंतर सोने. शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे बारीक कापून त्यात कितीतरी पट पारा मिसळतात आणि खलात घोटतात. सोने पाऱ्यात मुरते आणि लोण्यासारखा मऊ, चंदेरी लगदा तयार होतो. मूर्ती आंबट द्रवाने घासून लख्ख केलेली असते, तिच्यावर हा लगदा चोळतात. या क्षणी मूर्ती सोनेरी नसून चांदीसारखी दिसते. मग तिला निखाऱ्यांची आच देतात. पारा सुमारे ३५७ अंशांना उकळतो. त्याची वाफ उडून जाते आणि सोने तांब्याच्या पृष्ठभागात रुतून बसते. हा थर मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकाच असतो. आरंभी तो मंद, पिवळट व निस्तेज दिसतो. अकीकाच्या गुळगुळीत खड्याने तो तासन्‌तास घोटला की तेज येते. मुखावर पुष्कळदा सोन्याची पूड सरसात कालवून वेगळा लेप देतात. घोटलेल्या सोन्याची चमक असते तशी या लेपाला नसते, आणि म्हणून दिव्याच्या उजेडात मुख अधिक सौम्य दिसते. केसांना निळा रंग, ओठांना तांबडा, आणि सर्वांत शेवटी डोळे. तिबेटी परंपरेत मूर्तीच्या पोकळ भागात मंत्रलिखित कागदांच्या गुंडाळ्या व धान्य भरून तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करतात.

हे वर्णन सुंदर आहे, परंतु त्यातील एक वाक्य आम्ही घाईने लिहून पुढे गेलो. ‘पाऱ्याची वाफ उडून जाते.’ ती कोठे जाते? निखाऱ्यांवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जाते. मुलामा देणाऱ्यांचे हात कापतात, दात सैल होतात, स्मृती जाते, वृत्ती चिडखोर होते. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी कामगारांच्या रोगांवर इ.स. १७०० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात मुलामेकरांच्या या दशेचे वर्णन केले आहे. तेव्हा हे ज्ञान नवे नाही. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. पाटणमध्येही धूर ओढून घेणाऱ्या नळ्या व मुखपट्ट्या वापरात आल्या आहेत. तरी जेथे उघड्यावर, वाऱ्याच्या भरवशावर काम चालते, तेथे धोका कायम आहे. अक्रोधाचे प्रतीक असलेली कांती घडविताना घडविणाऱ्याच्या नसा चिडखोर व्हाव्यात, याहून क्रूर विरोधाभास आम्हास सुचत नाही.

जपानमधील नारा येथील महाबुद्धाचे आकडे या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहेत. सम्राट शोमू याच्या आज्ञेने घडलेल्या या मूर्तीस सुमारे ५०० टन तांबे लागले. मुलाम्यासाठी सोने सुमारे ४४० किलो, आणि पारा सुमारे अडीच टन. तो सर्व पारा वाफ होऊन गेला. इ.स. ७५२ मध्ये नेत्रोन्मीलन झाले तेव्हा मुलाम्याचे काम पुरे व्हावयाचे होते. ते उन्मीलन केले बोधिसेन या भारतीय भिक्खूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधलेला होता आणि जमलेल्यांनी तो हातात धरला होता, जेणेकरून डोळे उघडण्याच्या कृतीत सर्वांचा वाटा असावा. कुंचला आणि दोर आजही नारा येथील शोसोइन भांडारात आहेत. आगी, भूकंप व दुरुस्त्या यांमुळे मूर्तीवरील सोने आता फारसे उरलेले नाही, ती काळसर दिसते. आम्हास त्या सोन्यापेक्षा तो दोर अधिक मोलाचा वाटतो.

मंडालेच्या महामुनी मूर्तीची गोष्ट याहून वेगळी. तेथे मुलामा नाही, वर्ख आहे. उपासक हातांनी सोन्याचे वर्ख चिकटवितात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्खांनी मूर्तीचा देह ओबडधोबड, जाड झाला आहे. मुखावर वर्ख लावीत नाहीत. ते रोज पहाटे धुतात, म्हणून मुख तेवढे स्वच्छ उरले आहे. वर्ख लावण्याचा हा अधिकार केवळ पुरुषांना आहे. स्त्रियांनी दूर बसून पाहावयाचे. तथागतांनी महाप्रजापती गोतमीला संघात प्रवेश दिला, त्यांच्या मूर्तीजवळ तिच्या लेकींना प्रवेश नाही. याचे समर्थन आम्ही करू शकत नाही.

आणि पाटणमध्येही सर्व काही निर्दोष नाही. तेथील ओतकामाची परंपरा मुख्यतः शाक्य कुळांकडे आहे. ‘शाक्य’ हे नाव वाचून आपले मन भरून येते, परंतु नेवार समाजात शाक्य ही जात आहे. शाक्य आणि वज्राचार्य कुळांतील मुलांवर ‘बरे छुयेगु’ हा संस्कार होतो. मुलगा मुंडन करून चार दिवस भिक्खू होतो, मग चीवर परत करून गृहस्थ होतो आणि जन्मभर त्या विहाराचा सभासद राहतो. हे सभासदत्व पित्याच्या कुळाने ठरते. शेती करणाऱ्या ज्यापूंच्या मुलाला तो संस्कार नाही, आणि मैला-सफाई ज्यांच्यावर लादली गेली त्या पोडे व च्यामे जातींना तर विहाराचे दारही दूर होते. जयस्थिती मल्ल (इ.स. १३८२ ते १३९५) याने ही उतरंड पक्की केली, असे वंशावळी सांगतात. १८५४ च्या मुलुकी ऐनने तिला कायद्याचे रूप दिले, आणि १९६३ च्या नव्या कायद्यापर्यंत ते टिकले. पाटणमधील एका प्रसिद्ध विहाराचे नाव हिरण्यवर्ण महाविहार असे आहे. तेथील छपरे सोन्याच्या मुलाम्याची आहेत. सोन्याचा वर्ण त्या वास्तूच्या नावात आहे, आणि जन्माचा वर्ण तिच्या सभासदत्वाच्या नियमात आहे. लक्खणसुत्ताने जो क्रम उलटा केला होता, तो तेथे पुन्हा सुलट झाला. धम्म टिकला, परंतु त्याच्यावर जातीचा मुलामा चढला, आणि या ठिकाणी तो शब्द आम्ही मराठीतील रूढ अर्थानेच वापरीत आहोत.

हे आम्ही नेवार बांधवांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. भारतातून धम्म नाहीसा झाला त्या शतकांत त्यांनीच संस्कृत ग्रंथ, मूर्ती आणि विद्या सांभाळल्या. राणा राजवटीत १९४४ साली आठ थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर घालविण्यात आले, तरी त्या मंडळींनी माघार घेतली नाही, आणि थेरवादी संघाची दारे जन्माची अट न घालता उघडली. याच काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले. नागपूरच्या धम्मदीक्षेला जेमतेम महिना झालेला, प्रकृती ढासळलेली, अशा अवस्थेत बाबासाहेब तेथे गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. सोनेरी छपरांच्या त्या खोऱ्यात त्यांनी विषय निवडला तो दारिद्र्य आणि शोषण यांचा. दोन वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, देहू रोड येथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांनीच केली होती. मूर्ती नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मूर्तीपुढे बसणाऱ्या माणसाने काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता.

मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलाम्याची मूर्ती आणावी की नाही, हे ज्या त्या विहाराने आपल्या शक्तीनुसार ठरवावे. विद्यार्थ्यांच्या निधीतील एक रुपयाही त्यासाठी वळवू नये, एवढे आमचे स्पष्ट मत आहे. सिमेंटच्या मूर्तीला बुद्धपौर्णिमेच्या आधी वस्तीतील रंगारी सोनेरी रंग देतो, तोही सुवर्णवर्णच होय, आणि त्यात पाऱ्याची वाफ नाही. परंतु जी समिती पाटणहून मूर्ती आणणार असेल, तिने केवळ तोळ्यांचा हिशेब विचारू नये. मुलामा कोणत्या पद्धतीने दिला, काम करणाऱ्यांना धुरापासून संरक्षण होते काय, मजुरी किती मिळाली, हेही विचारावे. आणि ओतणाऱ्याचे, कोरणाऱ्याचे व मुलामा देणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे.

नावाचा आग्रह आम्ही धरतो, त्यास आपल्याच लेण्यांचा आधार आहे. जुन्नरच्या शिलालेखांत कासकारांच्या, म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दिलेल्या दानाचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा सोनार. जन्मभर सोने हाताळणाऱ्या या माणसाने संघाला सोने दिले नाही. त्याने डोंगरात पाण्याची पोढी खोदवून दिली, आणि तिच्याजवळ आपले नाव, गाव व धंदा कोरून घेतला. तो लेख आजही वाचता येतो. आमच्या माहितीतील एका विहारात नव्या मूर्तीच्या चौथऱ्यावर देणगीदारांची तेवीस नावे संगमरवरात आहेत. मूर्तिकाराच्या नावासाठी अजून जागा आहे. डाव्या बाजूचा दगड कोरा ठेवलेला आहे.